मोटारीचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या मानाचा आहे. पण तो मान त्यानें देवळें, घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांच्यापुरताच राखून ठेविला आहे. घरांतल्या जुन्या वस्तूंसाठीं आपल्यापाशीं निराळे, साधे शब्द आहेत. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई, गादीला पिंजण, शालूला रफू, पोथीला बांधणी, आणि मोडक्या खुर्चीला चार खिळे. या सर्व शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं, वस्तु जुनी झाली तरी ती आपलीच आहे. मोटारीची मात्र गोष्ट वेगळी. ती नवी असतांना तिच्यापुढें नारळ फुटतो, तिच्या कपाळावर कुंकवाचें स्वस्तिक निघतें, आणि पंधरा वर्षें उलटतांच तिच्यासाठीं 'भंगार' हा एकच शब्द उरतो. पूजेपासून भंगारापर्यंतचा हा प्रवास इतका आंखूड कां असावा, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला होता. गेल्या कांहीं वर्षांत त्याचें उत्तर शोधण्याचा खर्चिक योग आम्हांस आला. त्या खर्चाचा व त्या उत्तराचा हिशेब वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आम्ही राहतों तें चांदवड हें गांव अशा विचाराला अनुकूल आहे. नाशिकहून आग्रा रस्त्यानें सुमारें ६५ किलोमीटर आलें कीं सातमाळेच्या डोंगरांच्या पायथ्याशीं हें गांव लागतें. डोंगराच्या कुशींत रेणुकामातेचें मंदिर आहे, आणि गांवांत होळकरांचा रंगमहाल. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनीं (१७२५-१७९५) हिंदुस्थानभर जीं बांधकामें केलीं, त्यांतलीं कितीतरी मोडलेलें पुन्हा उभें करण्याचीं होतीं. काशीविश्वेश्वराचें मंदिर हें त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध. रंगमहालाच्या लाकडी खांबांपुढें उभें राहिलें कीं आमच्या मनांत येतें, हें लाकूड आज दिसतें तें केवळ तें बळकट होतें म्हणून नव्हे, तर मधूनमधून कोणाला तरी त्याची आठवण झाली म्हणून. वस्तु अर्धी आपल्या गुणानें टिकते, आणि अर्धी माणसाच्या आठवणीनें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. ज्या मोटारीची ही कथा आहे तिची जात प्रथम सांगितली पाहिजे. जिचा मागचा दरवाजा कांचेसकट वर उचलला जातो अशा आंखूड मोटारीला हॅचबॅक म्हणतात. ही गरीब संसारी मोटार. मुलें शाळेंत पोंचवावीं, भाजी आणावी, लग्नाला जाऊन यावें. पण अशाच साध्या देहांत कोणी दांडगें इंजिन बसविलें कीं तिला 'हॉट हॅच' असें नांव मिळतें. शंकरपटाचा खोंड घरच्या छकड्याला जुंपावा, तसा हा प्रकार. १९७५ सालीं फ्रँकफर्टच्या प्रदर्शनांत फोक्सवागन कंपनीनें गोल्फ जी. टी. आय. मांडली, तेव्हांपासून या जातीचा बोलबाला झाला. तिची मूळ कल्पना कारखान्यांतल्या थोड्याशा अभियंत्यांनीं वरिष्ठांच्या हुकुमावांचून, आपल्या फावल्या वेळांत उभी केली होती. ११० अश्वशक्तीची ही मोटार ५,००० खपली तरी पुरे, असा अंदाज होता. पहिल्या पिढींतच ती साडेचार लाखांवर खपली.

आपल्याकडे ही हौस उशिरां आली. २००१ सालीं फियाट कंपनीनें पॅलिओ ही मोटार बाजारांत आणली, आणि तिचा एक प्रकार १.६ लिटरच्या, सोळा व्हॉल्व्हच्या, १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा ठेविला. ज्या देशांत चाळीस अश्वशक्तीहून कमी असलेली मारुती ८०० घरोघर सुखानें नांदत होती, त्या देशांत ही शक्ति म्हणजे थोडी उधळपट्टीच होती. सचिन तेंडुलकर यांच्या नांवाची एस-१० ही मर्यादित आवृत्तिहि निघाली. तरीहि मध्यमवर्गानें या मोटारीला दुरूनच नमस्कार केला, कारण ती पेट्रोल पितांना लाजत नसे. ही मोटार घडत असे ती मुंबईस कुर्ल्याला, जेथें वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनें पूर्वीं फियाट घडविली त्याच जागीं. वालचंदशेटांचें नांव आमच्या जिल्ह्याला परकें नाहीं. मालेगांव तालुक्यांतला रावळगांवचा साखर कारखाना त्यांनींच १९३३ सालीं उभारला. म्हणून कुर्ल्याची मोटार चांदवडास आली तर ती अगदींच परदेशांत आली, असें आम्ही मानीत नाहीं.

आम्हांस भेटलेली पॅलिओ २००३ सालीं नाशिकांत नोंदलेली होती. तालुक्यांतल्या एका खेड्यांत, कांद्याच्या चाळींत, रिकाम्या क्रेटांच्या आड ती आठ वर्षें उभी होती. चाळ म्हणजे कांदा साठविण्याचें बांबूच्या भिंतींचें, वाऱ्याला मोकळें असें घर. भाव येईल या आशेनें शेतकरी तेथें कांदा महिनोगणती ठेवितो. कांहीं टिकतो, कांहीं सडतो. मोटारहि तशीच ठेविलेली होती. चारी टायर जमिनीला चिकटलेले, तांबडा रंग विटून विटकरी झालेला, आणि आसनांना कांद्याचा असा वास कीं तो अजूनहि पावसाळ्यांत आपली ओळख देतो. उंदरांनीं बॉनेटखालीं संसार थाटला होता. भंगारवाल्यानें तिचें लोखंडाच्या वजनानें मोल केलें होतें, आणि चाळींत जागा हवी म्हणून घरचा धाकटा भाऊ तें मोल घेण्यास राजी होता.

व्यवहार ठरविण्यास आम्ही बसलों, तेव्हां नोंदणीच्या पुस्तकानें निराळेंच सत्य सांगितलें. मोटार धाकट्याच्या नांवावर नव्हतीच. ती होती त्याच्या थोरल्या भावाच्या नांवावर, आणि तो भाऊ २०१४ सालीं वारला होता. कांद्याच्या एका बऱ्या वर्षीं त्यानें ती जुनी म्हणून घेतली, आणि हौसेनें चालविली. म्हणजे कायद्यानें विचारावयाचें तें त्याच्या पत्नीला. ती बाई तोंवर दारांत उभी राहून सर्व ऐकत होती. कोणीं तिला विचारलें नव्हतें. आम्हीं पुस्तक पुढें करून विचारलें, "वहिनी, तुमची काय इच्छा आहे?"

थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "सर, गाडी उभी आहे तोवर येणारे-जाणारे त्यांचं नांव काढतात. भंगारांत गेली म्हणजे मग कोण काढील? पण अशी सडतांना बघवत पण नाहीं."

धाकट्याला हें बोलणें आवडलें नाहीं. तो म्हणाला, "वहिनी, सर काय गाडीची समाधि बांधणार आहेत काय?" त्यावर बाईनें त्याच्याकडे न पाहतां आम्हांसच सांगितलें कीं, घ्यावयाची तर चालती करण्यासाठीं घ्या, चालूं झाली कीं एकदां या अंगणांत आणा, आणि पैसे माझ्या खात्यावर भरा. किंमत ठरली ४०,००० रुपये. भंगारवाल्यापेक्षां आम्ही अधिक देत होतों, हें खरें. पण त्या दिवशीं चाळींत मोटारीपेक्षां मोठ्या गोष्टीचा निकाल लागला, असें आम्हांस वाटलें. त्या घरांत आठ वर्षांत प्रथमच एखाद्या वस्तूवर त्या बाईचा हक्क आहे, हें मोठ्यानें बोललें गेलें होतें.

घरीं आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं सर्व ऐकून घेतलें व एकच प्रश्न केला, "अहो, ४०,००० म्हणजे किंमत कीं विसार?" संसारी माणसाचा प्रश्न नेहमीं नेमका असतो. जुन्या मोटारीची खरेदी हा केवळ विसारच असतो, हें आम्हीं कबूल केलें. तेव्हां त्यांनीं एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर १,७५,००० हा आंकडा लिहिला, आणि सांगितलें कीं, मुदत ठेव मोडावयाची नाहीं व या आंकड्यापुढें जावयाचें नाहीं. आमच्या मतें जीर्णोद्धाराचें खरें शिल्पशास्त्र त्या वहींतच होतें. हौसेला कुंपण असलें म्हणजे ती बाग होते, नाहींतर रान.

ज्यांना अशी मोटार घेण्याचा मोह होतो, त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवाचें सार येथें देतों. लोक प्रथम इंजिन पाहतात. पहावें तें पत्र्याकडे. इंजिनाचे भाग बदलतां येतात, पण तळपत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि पुढच्या चाकांचे आधार गंजानें खाल्लेले असले तर मोटारीचें हाडच गेलें असें समजावें. नंतर कागद पहावे. मग टायर, त्यांच्या बाजूवर चार आंकड्यांची खूण असते, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. टायर न झिजतांहि म्हातारा होतो. ब्रेकचें तेल हवेंतलें पाणी ओढून घेतें, पेट्रोल वर्षानुवर्षें राहिलें कीं त्याचा डिंक होतो, आणि रबराच्या नळ्या हात लावतांच तुटतात. न वापरलेली मोटार म्हणजे विश्रांति घेतलेली मोटार नव्हे, हें ध्यानांत ठेवावें.

आमची मोटार ज्यांच्या हातीं दिली ते मिस्त्री साठी उलटलेले आहेत. सारा रस्ता त्यांना चाचा म्हणतो, म्हणून आम्हीहि म्हणतों. तरुणपणीं त्यांनीं मुंबईस काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर हात बसविला होता. मोटार टेंपोवरून उतरतांच आमचा हात चावीकडे वळलेला पाहून ते म्हणाले, "सर, इतक्या वर्षांच्या झोपेतून उठवायचं तर आधी हळूच हलवायचं. लाथ मारून उठवलं तर माणूसही मरतो." मग त्यांनीं चारी स्पार्क प्लग काढले, सिलिंडरांत थोडें थोडें तेल सोडलें, आणि दोन दिवस तसेंच मुरूं दिलें. तिसऱ्या दिवशीं पाना लावून इंजिन हातानें फिरविलें. तें प्रथम हललें नाहीं. मग केसभर हललें. मग एक पुरा फेरा फिरलें. त्या फेऱ्याला आवाज कसलाच नव्हता, पण चाचांच्या चेहऱ्यावरून तो आम्हांस ऐकूं आला.

तरीहि त्यांनीं इंजिन सुरूं केलें नाहीं. आधीं टायमिंगचा पट्टा बदलला. खालचा दांडा आणि वरचे व्हॉल्व्ह यांचा ताल हा रबरी पट्टा राखतो; तो चालत्या इंजिनांत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वांकण्याची भीति, आणि मग सर्व खर्चावर पाणी. जुन्या पट्ट्याला चाचांनीं उलटें वांकवून दाखविलें. त्याला पायाच्या टांचेसारख्या भेगा पडल्या होत्या. आमची कन्या नाशकास अभियांत्रिकीचें शिक्षण घेते. सुटींत घरीं आली असतां ती पाहण्यास म्हणून गेली, आणि पट्ट्याच्या खुणा जुळवितांना चाचांनीं तिच्याच हातीं पाना दिला. चाचांचा मुलगा मोबाईल विकतो व बापापेक्षां अधिक कमावतो. त्याला या तेलांत हात घालावयाचा नाहीं, आणि त्याला कोणीं दोष द्यावा? पण त्या दिवसापासून चाचा आम्हांस विचारीनासे झाले, "दीदी कधीं येणार?" एवढेंच विचारूं लागले.

सुटे भाग हें या कामांतलें मोठें तीर्थाटन. या देशांत फियाट नांवाच्या मोटारींची विक्री थांबलेली आहे, तेव्हां पॅलिओचे भाग दुकानाच्या फळीवर आयते सांपडत नाहींत. ब्रेकचे भाग नाशकांत मिळाले. दिव्याची कांच मालेगांवच्या भंगारांत. आणि क्लच व पेट्रोलचा पंप कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारांत. जेथें ती जन्मली तेथेंच तिचे अवयव अजून सांभाळून ठेविलेले पाहून आम्हांस मौज वाटली. याच कामाच्या मध्यांत, ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं, शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीचीं वीस वर्षें भरून ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्याची बातमी आली. चाचांनीं ती दोनदां वाचून घेतली, आणि दुपारीं गॅरेजचें शटर ओढून घरीं गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आमच्या मोटारीचा तळपत्रा जोडण्यास घेतला, आणि नेहमींपेक्षां बारीक टांके घातले.

कागदांचा जीर्णोद्धार पत्र्याहून कठीण निघाला. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती २०१८ सालींच संपली होती. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांसाठीं नवीकरण मिळतें, आणि महाराष्ट्रांत पर्यावरण करहि द्यावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचें नवीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींसाठीं तें १०,००० झालें. आमच्या बाबतींत आधीं मृत मालकाकडून वारसाच्या नांवावर नमुना ३१, मग विक्रीचे नमुने २९ व ३०, आणि नवीकरणाचा नमुना २५, असे टप्पे होते. त्यामुळें कांहीं दिवस ती मोटार सरकारी दप्तरांत वहिनींच्या नांवावर राहिली. नांव बदललेला कागद त्यांच्या हातीं दिला तेव्हां त्यांनीं आपलें नांव बोट ठेवून वाचलें, आणि त्याची एक नक्कल मागून घेतली. ती त्यांना कोणत्याहि कामाची नव्हती; म्हणूनच आम्हीं दोन दिल्या.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे, आणि तो आमच्या कन्येचाच आहे. जुनी मोटार नव्या भारत स्टेज सहाच्या मोटारीपेक्षां अधिक विषारी धूर सोडते; दिल्लींत पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या मोटारींना मज्जाव करण्यांत आला तो उगीच नव्हे, आणि २०२१ सालीं सरकारनें मोडीचें धोरण जाहीर केलें त्यामागेंहि हेंच कारण आहे. हें सर्व खरें आहे, आणि प्रत्येकानें रोजच्या कामाला अशी मोटार काढली तर आम्हीच त्याला विरोध करूं. पण महिन्याकांठीं शंभर-सव्वाशें किलोमीटर चालणारी, नीट जुळविलेली एक मोटार, आणि तिच्या जागीं घडवावी लागणारी नवी मोटार, यांचा हिशेब केवळ धुराच्या नळीपाशीं संपत नाहीं. नव्या मोटारीचें पोलादहि कोठेंतरी भट्टींत वितळलेलें असतें. या वादांत आमच्या घरीं अजून एकमत झालेलें नाहीं. मात्र कार्बोरेटरच्या जुन्या मोटारी पाहिलेल्या चाचांना संगणक लावून धुराचे आंकडे वाचून दाखविण्याचें काम कन्येनें स्वतःकडे घेतलें आहे.

वहींत शेवटीं हिशेब असा जमला. खरेदी ४०,०००, टेंपो ३,५००, पट्टा, पाण्याचा पंप व तेलें १४,०००, ब्रेक ११,५००, पेट्रोलची टाकी, पंप व नळ्या ९,०००, वायरिंग ६,५००, पत्रा व रंग ४२,०००, टायर १८,०००, क्लच १२,५००, कागदपत्रें १७,०००. एकूण १,७४,०००. वही मिटून सौभाग्यवतींनीं उरलेले हजार रुपये आमच्या हातीं ठेविले आणि म्हणाल्या, "याचं पेट्रोल भरा. तेवढ्यांत ती कुठवर जाते तें बघूं."

ती गेली राहुड घाटापर्यंत आणि परत. मालेगांवच्या बाजूनें घाट चढतांना मालवाहू गाड्या कण्हत असतात. आमची वीस वर्षांची म्हातारी तिसऱ्या गियरमध्यें, चार हजार फेऱ्यांच्या पुढें, एकदम निराळ्या स्वरांत बोलूं लागली. वेगाचें कौतुक करण्याचें आमचें वय नव्हे, आणि त्या रस्त्यावर तें करूंहि नये. पण इतकीं वर्षें चाळींत अंग चोरून बसलेल्या वस्तूला आपलें काम आठवतें, तो क्षण फार समाधानाचा असतो. शेजारीं बसलेल्या चाचांनीं डोळे मिटून घेतले होते. आम्हांस वाटलें ते भ्याले. पण ते ऐकत होते. घाट संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या सिलिंडरला किंचित कुरकुर आहे. उद्यां आणा."

वचनाप्रमाणें मोटार त्या अंगणांत नेली. वहिनी एकदां तिच्या सभोंवार फिरल्या व म्हणाल्या, "रंग थोडा उजळ झाला." तें खरें होतें, विटण्यापूर्वींचा रंग आम्हांस ठाऊक नव्हता, त्यांना होता. मग मागचा दरवाजा वर उचलून त्यांनीं आंत डोकावून पाहिलें आणि सांगितलें कीं, नवरात्रांत देवीला जातांना ते येथें पांच जणांचें जेवण भरून नेत असत. धाकटा भाऊ शेजाऱ्यांना इंजिन दाखवीत होता; ज्यानें ती वजनावर विकण्यास काढली होती, तोच आतां मोठ्या अभिमानानें "आमची गाडी" म्हणत होता. वहिनींनीं तें ऐकलें, आणि प्रथमच हंसून म्हणाल्या, "माझी होती. कागद आहे माझ्यापाशीं."

तेव्हांपासून या मोटारीच्या मालकीचा प्रश्न आम्हीं सोडून दिला आहे. त्या अंगणांत ती त्यांची आहे. गॅरेजांत ती चाचांची आहे. सुटींत ती कन्येची असते, आणि वहींत सौभाग्यवतींची. सरकारी दप्तरांत नांव आमचें आहे, म्हणून विम्याचा हप्ता तेवढा आम्ही भरतों.